राजमणीअक्कांची छाट

राजमणीनं ट्रेमधली पाचवी नळी उचलली, नाकाजवळ नेली, अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच फिरवली आणि बाजूला टाकली.

"छाट," ती म्हणाली.

पडद्यावरचे आकडे बघत बसलेल्या डॉ. केतकी साबणेंनी मान वर केली. याच जातीच्या नळ्या दमाजीनं सकाळी पास केल्या होत्या, एकही न गाळता. दमाजी म्हणजे सोलापूरच्या या तपासणी केंद्रातलं कृत्रिम फुप्फुस. काचेच्या पेटीत एक रबरी भाता, त्याला नळी लावायची. तो माणसासारखा झुरका घेतो आणि त्या झुरक्यात काय काय आलं ते पडद्यावर लिहून दाखवतो. परदेशातून आला तेव्हा त्याचं नाव कुणालाच एका दमात म्हणता येत नव्हतं. पण दम मारणं एवढंच त्याचं काम आणि संत दामाजीपंतांचं मंगळवेढा इथून तासाभराच्या वाटेवर, म्हणून केंद्रातल्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचा दमाजी करून टाकला. दमाजी चुकत नाही असं सोलापुरात सगळे धरून चालले होते.

'छाट' हा शब्द डॉक्टरांना राजमणीनंच शिकवलेला. बिडी कारखान्यात बायका घरून वळून आणलेल्या बिड्या चेकरपुढे ठेवत. तो मूठभर उचलून दाबून बघे. सैल, तोंड नीट न मुडपलेली, तंबाखू कमी भरलेली बिडी तो बाजूला फेकी, वळणारीच्या तोंडाकडे न बघता. ती छाट. राजमणी बोद्दूलनं पस्तीस वर्षं बिड्या वळल्या आणि पस्तीस वर्षं हा शब्द ऐकला. आता सत्तावन्नाव्या वर्षी तो स्वतः उच्चारायचा अधिकार तिला मिळाला होता आणि ती तो जपून वापरत असे.

कारखाने बंद पडले त्याला आता सहा वर्षं झाली होती. वळणाऱ्या थांबल्या, ओढणारे मात्र थांबले नाहीत. चोरटी बिडी गल्लोगल्ली मिळत होती. मग सरकारनं एक धाडस केलं. निकोटीनची वाफ देणाऱ्या नळ्यांवर देशात आधीपासून बंदी होती, त्या बंदीच्या भिंतीला एक छोटं दार पाडलं. वर्षानुवर्षं बिडी ओढणाऱ्या प्रौढालाच, बाकीचे उपाय थकल्यावर, डॉक्टरच्या चिठ्ठीनं आणि सरकारी केंद्रातूनच नळी मिळेल. आणि नळी कुठली द्यायची, ते सोलापूरचं हे केंद्र ठरवणार होतं. हाताची पारख असलेल्या चार बिडी कामगार बायकांना डॉक्टर साबणेंनी हट्टानं तपासनीस म्हणून घेतलं, त्याबद्दल वरच्या साहेबांची बोलणीही खाल्ली.

नळ्या दोन जातींच्या. एकीला बायका फेकाऊ म्हणत. ती बोटभर लांबीची. आतच बॅटरी, आतच निकोटीनचा रस, रस संपला की नळी कचऱ्यात. चार्जिंग नको, भरणं नको, अक्कल चालवणं नको. दुसरी डबी. तिची बॅटरी कायमची, वर करंगळीच्या पेराएवढी रसाची डबी बसवायची, संपली की फक्त ती बदलायची. दोन्हींच्या पोटात यंत्र एकच: रसात भिजलेला कापूस आणि त्याभोवती तारेचं वेटोळं. माणूस ओढतो, तार तापते, रसाची वाफ होते. पान जळत नाही, त्यामुळे बिडीच्या धुराचं डांबर आणि विषारी वायू यात नाहीत. पण निकोटीन आहे, त्याची गुलामी आहे, आणि तार गरजेपेक्षा जास्त तापली तर रस करपून नवीनच विषं जन्माला येतात. निरुपद्रवी त्यातली कुठलीच नव्हती. बिडीपेक्षा कमी घातक कुठली, एवढाच प्रश्न होता.

आणि त्याचं उत्तर जवळजवळ ठरलेलं होतं. चाचणीसाठी नळ्या वापरायला दिलेल्या दर तिघांपैकी दोघांना फेकाऊ आवडली होती. राजमणीचा नवरा अंबादास त्यातलाच एक. आयुष्यभर टॉवेलच्या मागावर उभा राहिलेला आणि आयुष्यभर बिडी ओढलेला हा माणूस एकोणपन्नास दिवस बिडीला शिवला नव्हता. बिडी कामगारांच्या वसाहतीच्या जिन्यावर पूर्वी दोनदा थांबायचा, आता एकदाच थांबत होता. पुन्हा बिडी धरलीत तर वर्षाच्या आत नाकात ऑक्सिजनची नळी येईल, असं छातीच्या डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं होतं.

म्हणजे राजमणी स्वतःच्या नवऱ्याच्या तोंडातली नळी छाट करत होती. हे तिला कळत नव्हतं असं नाही. 

दमाजीनं पास केलेल्या मालात तिला काय खोट दिसली, असं डॉक्टरांनी विचारलं. राजमणीनं दोन नळ्या त्यांच्या नाकापुढे धरल्या. एक दमाजीनं ओढून संपवलेली, दुसरी चाचणीतल्या कुणा माणसानं वापरून परत केलेली. पहिलीला नुसता गोडसर वास होता. दुसरीला करपलेल्या कापसाचा होता, अगदी बारीक. शेकायच्या भट्टीत जास्त वेळ राहिलेल्या बिड्यांचे कट्टे, म्हणजे जुड्या, असे वास मारत, म्हणून तिचं नाक तिथे अडलं. डॉक्टरांना तो वास तिसऱ्या खेपेला आला.

"नळी तीच, रस तोच," राजमणी म्हणाली. "दमाजीनं ओढली तर वास न्हाई, माणसानं ओढली तर हाय. म्हंजे खोट नळीत न्हाई मॅडम, ओढण्यात हाय. दमाजीला आपल्यासारखं ओढता येत न्हाई."

अहवाल पंधरा तारखेला जायचा होता. हातात नऊ दिवस होते. डॉक्टर म्हणाल्या, कारण शोधून आणा अक्का, वासावर मला अहवाल लिहिता येणार नाही.

कारण घरच्या ओट्यावर बसलं होतं. संध्याकाळी अंबादास फेकाऊ घेऊन बसला तेव्हा राजमणी चहाचा कप हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला ओढताना असं निरखून कधी पाहिलं नव्हतं. पाहायचं धाडसच झालं नव्हतं, त्याचं कारण पुढे येईल. नळीभोवती त्यानं मुठीचा आडोसा केला होता, वारा नसताना. आणि तो ओढत होता कसा? एक लहान झुरका, लगेच दुसरा, लगेच तिसरा. शेजारणीशी बोलताना मध्येच वाक्य सोडून ओढायचा. राजमणीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजलं. मिनिटाला अकरा.

"एवढं घाईनं कशाला ओढायलाय ओ?" तिनं विचारलं.

"विझंल की," अंबादास म्हणाला.

मग दोघंही त्या नळीकडे बघत बसली. जिच्यात विस्तवच नाही ती विझणार कुठून? अंबादास आधी ओशाळला, मग हसत सुटला आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. राजमणी मात्र हसली नाही. तिनं कप खाली ठेवला आणि अकराचा आकडा केंद्रातल्या कागदाच्या पाठीवर लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांना समजावलं ते असं. सिगारेटचा कागद ओढा न ओढा, जळत राहतो. बिडीचं साधं टेंभुर्णीचं पान. क्षणभर दुर्लक्ष केलं की विझलं. म्हणून बिडीवाला तिला सारखं जागं ठेवतो. सोलापुरात चाळीस वर्षं बिडी ओढलेल्या माणसाचं फुप्फुस त्या चालीला लागलेलं असतं आणि त्याच्या हातात बिडीऐवजी सोन्याची नळी दिलीत तरी तो तशीच ओढणार. दमाजीला मात्र सिगारेटवाल्यांची चाल शिकवून पाठवलं होतं: तीन सेकंदांचा झुरका, मग अर्धा मिनिट विश्रांती. यंत्र खोटं बोलत नव्हतं, फक्त ते दुसऱ्या गावच्या माणसांबद्दल बोलत होतं.

डॉक्टर साबणेंचा मोठेपणा असा की त्यांनी वाद घातला नाही. उठल्या आणि दमाजीची चाल बदलली. मिनिटाला अकरा झुरके, आखूड. भाता फडफडू लागला आणि केंद्रातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, कारण दमाजी आता हुबेहूब वसाहतीतल्या कुठल्याही ओट्यावरच्या म्हाताऱ्यासारखा ओढत होता. सातव्या झुरक्याला हसणं थांबलं. कापसाला पुन्हा रस शोषून घ्यायला जो वेळ लागतो तो मिळतच नव्हता; कोरड्या कापसावर तार तापत चालली होती. पडद्यावर करपलेल्या रसाचं विष दुप्पट झालं, चौपट झालं, मग रेघ पडद्याबाहेर गेली. फेकाऊला यातलं काही कळत नव्हतं. तिला ओढा म्हटलं की तापणं एवढंच ठाऊक.

मग केंद्रातली डबी लावली. सातव्या झुरक्याला डबीनं वाफच दिली नाही. तार तापली की तिच्यातून वीज जरा कष्टानं जाते. डबीतली चिप तेवढ्यावरून ओळखते की कापूस सुकला, आणि पाच-सहा सेकंद गप्प बसते. कापूस भिजला की पुन्हा चालू. बाजारातल्या सगळ्या डब्यांत ही सोय नसते, ही केंद्रानं मुद्दाम बनवून घेतलेली होती. हिच्यात आणखी एक करामत होती, तिला 'उतरण' म्हणत. डबीत दोन कप्पे. एकात निकोटीनचा रस, दुसऱ्यात बिननिकोटीनचा. चिप ओढणाऱ्याची चाल शिकते आणि दर आठवड्याला पहिल्या कप्प्यातून किंचित कमी रस घेते, इतकं किंचित की जिभेला पत्ता लागू नये. आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात हे ओढणाऱ्याला सांगायचं नाही, कारण ते कळलं की मन हटून बसतं. तशी सही आधीच घेतलेली असे, आणि ते सांगायला तपासनिसांनाही सक्त मनाई होती.

"अक्का, कालपर्यंत मी फेकाऊची शिफारस लिहून ठेवली होती," डॉक्टर म्हणाल्या. "हजारो माणसांच्या छातीत मी हे घातलं असतं."

त्यांनी दमाजीच्या नव्या चालीला अहवालात नाव दिलं: बोद्दूल चाल. आज बिडीच्या मुलखात कुठेही नळी तपासायची तर याच चालीनं तपासतात. सातवी शिकलेल्या बाईचं आडनाव यंत्रांच्या पुस्तकात गेलं, ते तिच्या नाकामुळे आणि त्याहून जास्त तिच्या खरेपणामुळे. गप्प बसणं तिला किती सोयीचं होतं ते आठवून बघा.

कारण त्याच संध्याकाळी अंबादासच्या हातातली फेकाऊ गेली आणि डबी आली, आणि घरात अबोला आला. सहा सेकंद थांबणारी नळी त्याला मानवेना. आपल्या दमाला थांब म्हणणारी ही कोण, असं तो भिंतीला उद्देशून म्हणे. डबी चार्जिंगला लावायची विसरे, उलटी बसवी, मग आदळे. तिसऱ्या दिवशी डबी फळीवर तशीच पडून राहिली आणि चौथ्या दिवशी राजमणीला पत्र्याच्या ट्रंकेत, त्याच्या जुन्या टॉवेलांखाली, दोऱ्यानं बांधलेला बिड्यांचा कट्टा सापडला.

तिनं एक बिडी बोटांत घेतली आणि ती खालीच बसली. बिडी तिच्याच हातची होती. तोंड मुडपताना नखानं जरा तिरपा दाब द्यायची तिची खोड, ती प्रत्येक बिडीवर होती. सहा वर्षांपूर्वीची, कारखान्यातल्या शेवटच्या आठवड्याची छाट.

कारखाना काही छाट ठेवून घेई, काही परत देई. परत मिळालेली राजमणी पदरात बांधून घरी आणी आणि अंबादास ती ओढी. चांगली बिडी त्यानं कधी मागितली नाही. त्याला खोकला लागला तेव्हापासून ती मनातल्या मनात हिशेब मांडत आली होती: सैल वळलेल्या, जास्त भाजलेल्या, माझ्या चुकलेल्या बिड्या या माणसाच्या छातीत गेल्या. म्हणून त्याला ओढताना बघायचं तिनं कायम टाळलं होतं. आज ते सगळं तोंडातून बाहेर पडलं, अंबादास दारात उभा असतानाच. ती म्हणाली की तुमची छाती माझ्या छाटीनं भरलीय आणि हे मला सोसत नाही.

अंबादास दारातून आत आला. मग तिच्याशेजारी टेकला.

"तो चेकर तुझ्या तोंडाकडं न बघता फेकायचा," तो म्हणाला. "तू दिवसभर सुपावर वाकून वळल्याली बिडी. ती कचऱ्यात जाईल, मला बघवायचं न्हाई. म्हणून ओढायचो. चव कोण बघतंय?"

राजमणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलं नाही. त्यानं कट्टा ठेवला होता तोही ओढायला नव्हे. तिच्या हातचा शेवटचा, म्हणून. पण गेल्या दोन दिवसांत त्यातल्या तीन ओढल्या होत्या, हेही त्यानं सांगून टाकलं. राजमणीनं उठून फळीवरची डबी आणली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"माझी छाट एवढी वर्षं निभावली," ती म्हणाली. "आता माझी पास केल्याली निभवा."

कट्टा तिनं चुलीत घातला. अंबादासनं डबी तोंडाला लावली, सातव्या झुरक्याला ती गप्प झाली, आणि तो तिच्याबरोबर थांबला.

पुढचे दहा महिने त्यानं तक्रार केली नाही. वापरलेल्या डब्या दर आठवड्याला केंद्रात परत यायच्या आणि उरलेला रस तपासायला राजमणीच्या टेबलावर. डब्यांवर नावं नसत, नुसते क्रमांक. पण एकशे अठरा नंबरच्या डबीला कडेला दातांची खूण असे आणि ते दात राजमणीच्या ओळखीचे होते. पावसाळा सरता सरता एकशे अठराची निकोटीनची रेघ अर्ध्यावर आली. दिवाळीत पावावर. मार्गशीर्षातल्या एका सोमवारी ती शून्यावर टेकली. राजमणीनं तोच रस तीनदा तपासला.

अंबादास रोज ओट्यावर बसून जी वाफ ओढत होता तिच्यात आता निकोटीनचा कणही नव्हता, आणि हे घरात तिला एकटीलाच माहीत होतं. नवऱ्यापासून तिनं आजवर काही लपवलं नव्हतं. चहा देताना, जेवायला वाढताना जिभेवर यायचं. पण सांगितलं आणि मन बिथरलं तर? सहीचा कागद तर होताच, त्यापेक्षा ही भीती मोठी होती. सात आठवडे तिनं ते पोटात ठेवलं आणि त्या सात आठवड्यांत तिची स्वतःची झोप गेली.

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली. अंबादास सकाळीच मेव्हण्याबरोबर जत्रेला गेला आणि तो गेल्यावर राजमणीला फळीवर डबी दिसली. तो ती विसरून गेला होता. जत्रेत बिडी ओढणारे पावलापावलाला भेटणार. ती कामावर गेली खरी, पण त्या दिवशी तिनं एक नळी दोनदा तपासली आणि एक तपासायचीच राहिली. संध्याकाळी अंबादास परत आला, हातात नातीसाठी भिरभिरं घेऊन. राजमणीनं त्याच्या जवळ जाऊन वास घेतला. शेंगाचटणीचा आला, घामाचा आला. धुराचा आला नाही. तिनं त्याला जेवायला वाढलं आणि जेवून तो झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्राच्या परतीच्या खिडकीपाशी रांग होती. राजमणी मान खाली घालून क्रमांक लिहीत होती. पुढचा माणूस आला आणि काही बोलेना, म्हणून तिनं वर पाहिलं. अंबादास होता, इस्त्रीचा सदरा घालून. केंद्राचा जिना चढून आलेला, आणि त्याला धाप लागलेली नव्हती.

त्यानं खिशातून डबी काढली. अंगठा आणि तर्जनीत धरून दाबली, कारखान्यातल्या चेकरसारखी. फक्त तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"छाट," तो म्हणाला आणि डबी तिच्या ट्रेमध्ये टाकली.

इतकी वर्षं वळणाऱ्या बायका चेकरला जो प्रश्न विचारायला घाबरत, तो राजमणीनं विचारला.

"काय खोट हाय हिच्यात?"

"विझली," अंबादास म्हणाला. "काल दिवसभर ओढली न्हाई, ध्यानातच न्हाई आलं. रात्री फळीवर दिसली तेव्हा कळलं, कधीचीच विझलीय."

राजमणीनं वहीत एकशे अठरासमोर एक शब्द लिहिला: छाट. अक्षर जरा वाकडं आलं. मग रांगेतल्या पुढच्या माणसाला तिनं दोन मिनिटं थांबायला सांगितलं आणि नवऱ्याला पाणी द्यायला ती खिडकीबाहेर आली.